बाथचा ठराव

कोणत्याही संस्थेची वार्षिक सभा हा इतिहासाच्या अभ्यासकाला भुरळ घालणारा विषय खचितच नव्हे. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करावयाचे, जमाखर्चाला मंजुरी द्यावयाची, हिशेबतपासनीस नेमावयाचा, दिवंगत सभासदांसाठी दोन मिनिटे उभे राहावयाचे आणि शेवटी आभार मानून चहाकडे वळावयाचे, असा तिचा ठरलेला क्रम. गणसंख्येअभावी तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच जागी तेवढ्याच माणसांत पुन्हा भरणारी सभा आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेली आहे. तिच्या इतिवृत्ताचे बाड कपाटात जाऊन पडते आणि वाळवीखेरीज त्याचा कोणी फारसा आदर करीत नाही.

तरीपण माणसांच्या आयुष्यावर परिणाम करणारे किती निर्णय या बाडात दडलेले असतात! राजाची आज्ञा निघाली तर तिचा डंका वाजतो, कायदेमंडळाने कायदा केला तर त्याची चर्चा होते. परंतु एखाद्या व्यवसायाच्या लोकांनी एकत्र जमून, सूचक आणि अनुमोदक उभे करून, हात वर करून जे ठरविले त्याची बाहेर कुणाला वार्ताही नसते. कायदा एका बाजूला दार उघडतो आणि व्यवसायाची सभा दुसऱ्या बाजूने तेच दार ओढून घेते, असेही घडते. आज मी ज्या कलमाविषयी बोलणार आहे ते एका ओळीचे कलम अशा जातीचे होते. ब्रिटिश मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघाने १८७८ साली बाथ येथील वार्षिक सभेत ते आपल्या नियमावलीत घातले. स्त्रीला संघाचे सभासद होता येणार नाही, एवढाच त्याचा आशय. १८९२ साली नॉटिंगहॅमच्या सभेने ते काढून टाकले. ही मधली चौदा वर्षे आपल्या मुंबईशी अगदी जवळून जोडलेली आहेत, म्हणून हा विषय मी आपल्यापुढे मांडण्याचे योजिले.

प्रथम या संघाविषयी थोडे सांगितले पाहिजे. त्याचा जन्म लंडनमध्ये झाला नाही. १९ जुलै १८३२ रोजी वूस्टर या गावच्या इस्पितळात डॉ. चार्ल्स हेस्टिंग्ज यांनी सुमारे पन्नास डॉक्टरांना एकत्र बोलावले आणि प्रांतिक वैद्यक व शल्यवैद्यक संघ स्थापन केला. लंडनमधील राजमान्य वैद्यक संस्थांचा त्या काळी मोठा दबदबा होता. पदव्या त्यांच्या, परीक्षा त्यांच्या, मान त्यांचा. गावोगाव घोड्यावरून रोगी पाहत हिंडणाऱ्या डॉक्टराला कोणी विचारीत नसे. त्याने आपले अनुभव टिपावेत, ते चारचौघांपुढे वाचावेत, एकमेकांच्या ओळखी व्हाव्यात, हा हेस्टिंग्ज यांचा हेतू. म्हणून वार्षिक सभाही एका गावी न भरता दरसाल गाव बदलीत फिरावी असे ठरले. पंढरीची वारी एका ठिकाणी जाते. ही वारी दरवर्षी नवे पंढरपूर शोधीत असे. १८५६ साली संघाने ब्रिटिश मेडिकल असोसिएशन हे नाव घेतले आणि पुढच्याच वर्षी त्याचे साप्ताहिक ब्रिटिश मेडिकल जर्नल या नावाने निघू लागले. सारांश, हा संघ दुर्लक्षितांनी आपल्यासाठी उभारलेला होता. पुढे काय झाले ते ऐकताना ही गोष्ट ध्यानात असू द्यावी.

१८५८ साली ब्रिटिश पार्लमेंटने वैद्यक व्यवसायाचा कायदा केला आणि डॉक्टरांची एक नोंदवही सुरू झाली. ज्याचे नाव या वहीत, तो कायद्याच्या दृष्टीने डॉक्टर. वहीत नाव येण्यासाठी ठराविक संस्थांपैकी एखादीची परीक्षा उतरावी लागे आणि यांतील कोणतीही संस्था स्त्रियांना परीक्षेला बसू देत नव्हती. कायद्यात मात्र ‘स्त्रियांना मनाई’ असे शब्द कोठेही नव्हते. ही अशी मनाई लिहून ठेवण्याची गरज कायदा करणाऱ्यांना वाटली नाही, कारण असे कोणी येईल हेच त्यांच्या मनात आले नव्हते. न लिहिलेल्या मनाईचे दुबळेपण असे की, कोणी खरोखरच आले म्हणजे तिला अडविता येत नाही.

पहिल्या आल्या एलिझाबेथ ब्लॅकवेल. जन्म इंग्लंडातील ब्रिस्टलचा, पदवी अमेरिकेतील, १८४९ सालची. परदेशी पदवी घेऊन नवा कायदा होण्यापूर्वीपासून ब्रिटनमध्ये व्यवसाय केलेल्यांना नोंदवहीत घ्यावे, अशी एक सवलत कायद्यात होती. तिचा आधार घेऊन १८५९ च्या आरंभी ब्लॅकवेलबाईंचे नाव वहीत चढले. पण ही सवलत जुन्यांपुरतीच होती. नव्या विद्यार्थिनीने परदेशी पदवी आणली तर तिचा नोंदवहीला काही उपयोग नव्हता. दार उघडले, एक बाई आत गेली, दार मिटले.

दुसऱ्या एलिझाबेथ गॅरेट. मिडलसेक्स इस्पितळात त्यांनी परिचारिका म्हणून शिरकाव करून घेतला, व्याख्याने ऐकू लागल्या, तेव्हा विद्यार्थ्यांनी अर्ज करून त्यांना तेथून घालविले. एकामागून एक विद्यालयांनी नकार दिला. तेव्हा त्यांचे लक्ष लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या जुन्या मंडळाकडे गेले. त्या मंडळाला परीक्षा घेण्याचा अधिकार होता आणि त्याच्या नियमांत उमेदवारासाठी ‘व्यक्ती’ असा शब्द होता. स्त्री ही व्यक्ती आहे की नाही, हा प्रश्न कोर्टात नेण्याची तयारी गॅरेटबाईंच्या वडिलांनी दाखविली. मंडळाने कज्जा टाळला. १८६५ साली बाई परीक्षा उतरल्या आणि त्यांचे नाव वहीत आले. त्यानंतर मंडळाने काय करावे? खासगी शिकवणीने झालेले शिक्षण ग्राह्य धरले जाणार नाही, मान्य विद्यालयातच शिकले पाहिजे, असा नियम करून टाकला. मान्य विद्यालये स्त्रियांना घेत नव्हतीच. ‘स्त्री’ हा शब्द न वापरता स्त्रियांना बंदी झाली. नियम करण्याच्या कलेत हा नमुना म्हणून दाखविण्यासारखा आहे. पुन्हा दार उघडले, एक बाई आत गेली, दार मिटले.

गॅरेटबाईंनी पुढे १८७० साली पॅरिसची एम.डी. मिळविली, १८७१ साली अँडरसन नावाच्या गृहस्थांशी विवाह केला, आणि लंडनमध्ये स्त्रियांसाठी दवाखाना चालविला. १८७३ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या लंडनमधील पॅडिंग्टनकडील शाखेने त्यांना सभासद करून घेतले. यात गाजावाजा काही झाला नाही. संघाची घटना अशी होती की, नोंदणी झालेल्या डॉक्टरला शाखेने निवडले की तो संपूर्ण संघाचा सभासद होई. वरच्या मंडळींना विचारण्याचे कारण नव्हते. शाखेच्या अधिकारात झालेली ही निवड मध्यवर्ती मंडळींच्या ध्यानात हळूहळू आली.

१८७५ ची वार्षिक सभा एडिंबरोला भरली. अध्यक्ष होते सर रॉबर्ट क्रिस्टिसन. या गृहस्थांची ओळख करून दिल्याखेरीज पुढे जाववत नाही. विषशास्त्रातील ते मोठे अधिकारी. कॅलबार नावाची आफ्रिकेतील विषारी शेंग, जी तेथील लोक आरोपीला दिव्य म्हणून खावयास देत, तिचा परिणाम पाहण्यासाठी त्यांनी तिचे बी स्वतः खाऊन पाहिले. ऐंशीच्या घरात आल्यावर कोकाची पाने चघळून ते डोंगर चढले आणि थकवा किती कमी वाटला याची टिपणे संघाच्या नियतकालिकात छापली. असा हा शोधक, निर्भय माणूस. पण विद्यापीठाच्या वर्गात स्त्री बसलेली मात्र त्यांना सोसवत नसे. १८६९ साली सोफिया जेक्स-ब्लेक आणि त्यांच्या सोबतिणी एडिंबरो विद्यापीठात वैद्यक शिकावयास आल्या, तेव्हा त्यांच्या विरोधकांचे पुढारीपण क्रिस्टिसन यांच्याकडेच होते. १८ नोव्हेंबर १८७० रोजी या मुली शरीररचनाशास्त्राच्या परीक्षेला शल्यविशारदांच्या सभागृहाकडे निघाल्या असता जमावाने त्यांच्यावर चिखल फेकला, दार अडविले, आणि परीक्षा चालू असता आत एक मेंढी सोडली. मेंढीला राहू द्या, बाहेरच्या मंडळींपेक्षा तिला अधिक समज आहे, असे आतील अध्यापक म्हणाल्याचे सांगतात. त्या सातजणींपैकी एडिथ पेची हे नाव आपण लक्षात ठेवू. रसायनशास्त्रात पहिल्याने बसलेल्यांत तिचे गुण सर्वांहून जास्त आले, आणि त्या गुणांवर मिळावयाची शिष्यवृत्ती तिला डावलून तिच्या खालच्या मुलाला देण्यात आली. अखेर विद्यापीठाने या कोणालाही पदवी दिली नाही.

तर अशा एडिंबरोत, अशा अध्यक्षांच्या कारकिर्दीत, संघाच्या सभासदांच्या यादीत एक स्त्री आहे या गोष्टीची चर्चा पेटली. त्याच वर्षी फ्रान्सिस हॉगन या दुसऱ्या स्त्री-डॉक्टरचीही निवड झाली होती. पदवी झूरिकची. तिचे नाव ब्रिटिश नोंदवहीत त्या वेळी नव्हते, म्हणून तिची निवड नियमबाह्य ठरविण्यात आली. गॅरेटबाईंच्या बाबतीत मात्र बोट ठेवावयास जागा नव्हती. वहीत नाव, शाखेची निवड, वर्गणी चोख. संघाने टपालाने सभासदांची मते मागविली. बहुसंख्य उत्तरे स्त्रियांना घेण्याच्या विरुद्ध आली.

इकडे कायदा मात्र उलट दिशेने चालला होता. १८७६ साली रसेल गर्नी यांनी आणलेले बिल पार्लमेंटने मंजूर केले. परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी स्त्रियांना बसू दिले तर ते कायदेशीर ठरेल, असे त्यात म्हटले होते. सक्ती नव्हती, मुभा होती. डब्लिनच्या वैद्यकसंस्थेने तिचा लाभ प्रथम घेऊ दिला आणि १८७७ साली पेची, जेक्स-ब्लेक प्रभृती स्त्रिया तेथून नोंदवहीत आल्या. लंडनमध्ये १८७४ पासून स्त्रियांचे वैद्यकीय विद्यालय चालू होते. त्याला १८७७ साली रॉयल फ्री इस्पितळाची जोड मिळाली. १८७८ साली लंडन विद्यापीठाने आपल्या पदव्या स्त्रियांना खुल्या केल्या. आणि याच १८७८ साली बाथ येथे डॉक्टरांचा संघ वार्षिक सभेसाठी जमला.

आता येथे थोडी कलमांची किचकट भाषा ऐकून घ्यावी लागेल, कारण सगळी मेख तीत आहे. १८७४ साली संघाने कंपन्यांच्या कायद्याखाली आपली नोंदणी करून घेतली होती. १८६२ च्या त्या कायद्याप्रमाणे नियमावलीतील कलम बदलावयाचे असेल तर सभेत हजर असलेल्यांपैकी तीनचतुर्थांश मते पाहिजेत आणि काही दिवसांच्या अंतराने दुसरी सभा भरवून तिने ते कायम केले पाहिजे. म्हणजे जुन्या नियमाप्रमाणे ज्या स्त्रीचे नाव नोंदवहीत आहे तिला घेण्याची मोकळीक शाखांना होतीच. ती बंद करावयाची तर खास ठराव लागणार. बाथच्या सभेपुढे तो आला. गॅरेट अँडरसनबाई स्वतः सभेत विरोधासाठी बोलल्या. ठराव पसार झाला. तो पूर्वलक्षी नव्हता. एकदा रीतसर सभासद झालेल्या व्यक्तीला काढता येईना, म्हणून त्यांचे नाव तसेच राहिले. नवीन स्त्रीला मात्र येणे बंद. तिसऱ्यांदा तोच प्रकार: दार उघडले होते, एक बाई आत होती, दार मिटले.

कोणी म्हणेल, एखाद्या मंडळाने आपल्या पंगतीला कोणाला बसवावे हा त्याचा प्रश्न. पण हा केवळ पंगतीचा प्रश्न नव्हता. नोंदवहीत नाव आल्याने डॉक्टर होता येई. चांगला डॉक्टर होण्यासाठी आणखी काही लागते. शाखेच्या सभेत दुसऱ्याने पाहिलेला चमत्कारिक रोगी ऐकावा, आपला फसलेला उपचार सांगावा, वडीलधाऱ्या डॉक्टराला सल्ल्यासाठी बोलवावे, त्याच्या ओळखीने इस्पितळात काम मिळावे, या वाटेने हा धंदा शिकला जातो. संघाबाहेरच्या डॉक्टराबरोबर रोगी पाहावयास येण्याचे पुष्कळजण टाळीत. कायद्याने स्त्रीला फलक लावण्याचा हक्क दिला होता आणि संघाने तिला त्या फलकाखाली एकटे बसविले.

विरोधाची कारणे काय होती? उघड कारण शिष्टाचाराचे. वैद्यकीय सभेत नाजूक विषय निघतात, स्त्री समोर असता ते मोकळेपणी बोलता यावयाचे नाहीत. आता हे नाजूक विषय म्हणजे बाळंतपण आणि स्त्रियांचे रोग. ज्या विषयाचा सगळा अनुभव स्त्रीच्या देहाला यावयाचा, त्याची चर्चा तेवढी तिच्या कानावर पडू नये! लंडनच्या प्रसूतिशास्त्र मंडळानेही १८७४ साली गॅरेट अँडरसनबाईंना प्रवेश नाकारला होता, हे येथे सांगून ठेवतो. दुसरे कारण कोणी ठरावात लिहीत नसते. सामान्य डॉक्टरचे घर बाळंतपणांवर चाले. एका घरातील बाळंतपण नीट पार पाडले की ते सबंध कुटुंब त्याचे होई. स्त्री-डॉक्टर आली तर पहिली जाणार ती हीच कामे. माझ्या मते शिष्टाचाराच्या झग्याखाली ही पोटाची काळजी मोठी होती, आणि तीत काही अघोर नाही. कोणताही धंदा नव्या स्पर्धकाला असाच बिचकतो. अघोर एवढेच की, ती काळजी शास्त्राच्या आणि नीतीच्या नावाने सभेपुढे आली.

आणि संख्या तरी किती होती? १८८१ च्या खानेसुमारीत सबंध इंग्लंड व वेल्समध्ये स्त्री-डॉक्टर पंचवीस. हजारो सभासदांच्या संघाने या पंचविसांपासून आपले रक्षण केले! बाथच्या ठरावाला वर्ष होते न होते तोच, १८७९ साली, या मूठभर स्त्रियांनी नोंदणीकृत स्त्री-डॉक्टरांचा आपला वेगळा संघ काढला. वूस्टरच्या इस्पितळात जमलेल्या दुर्लक्षित डॉक्टरांनी जे केले होते, तेच त्यांच्या वारसांनी दुर्लक्षिलेल्या स्त्रियांनी केले.

गॅरेट अँडरसनबाईंनी संघाचा राजीनामा दिला नाही. रागाने बाहेर पडणे सोपे होते आणि विरोधकांच्या सोयीचेही होते. त्या वर्गणी भरीत राहिल्या. १८७३ पासून १८९२ पर्यंत एकोणीस वर्षे त्या संघाच्या एकमेव स्त्री-सभासद होत्या. १८८३ साली लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयाचे प्रमुखपदही त्यांच्याकडे आले. म्हणजे स्वतः संघात बसावयाचे आणि ज्यांना तो संघ घेणार नाही अशा डॉक्टर वर्षावर्षाला घडवावयाच्या, असा हा संसार होता.

या नव्या डॉक्टरांनी काम कोठे करावे? येथे हिंदुस्थान या कथेत येतो. पडद्यातील आणि सोवळ्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरला नाडीदेखील दाखवीत नाहीत, त्या दुखणे अंगावर काढून मरतात, ही गोष्ट त्या वेळी विलायतेत वारंवार सांगितली जाई. १८८२ साली पुण्यात हंटर आयोगापुढे साक्ष देताना पंडिता रमाबाईंनी स्त्री-डॉक्टरांची निकड स्पष्टपणे मांडली. मुंबईत जॉर्ज किट्रेज हे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली यांनी याच कामासाठी निधी उभारला. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी इस्पितळासाठी मोठी देणगी दिली. इस्पितळ स्त्रियांनी चालवावयाचे, ही त्यातील मुख्य कल्पना. त्यासाठी डॉक्टर हवी होती, आणि गॅरेट अँडरसनबाईंनी नाव सुचविले ते एडिथ पेची यांचे. शिष्यवृत्ती हुकलेली, एडिंबरोचा चिखल अंगावर घेतलेली, आपल्या व्यवसायाच्या संघात जिला जागा नाही अशी ही डॉक्टर १८८३ च्या अखेरीस मुंबईस उतरली. येताच तिने हिंदीचा अभ्यास केला. १८८६ साली कामा इस्पितळ सुरू झाले.

पाहा, काय गंमत आहे! बाथच्या सभेला जी स्त्री शास्त्रचर्चेला अपात्र वाटली, ती मुंबईत एका इस्पितळाची प्रमुख झाली. मुंबई विद्यापीठाच्या सेनेटवर बसली. १८८५ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनी हिंदी स्त्रियांना वैद्यकीय साह्य देण्यासाठी जो फंड उभारला, त्याला राणी व्हिक्टोरियाचा आशीर्वाद होता. साम्राज्याला स्त्री-डॉक्टर पाहिजे होती, रोग्यांना पाहिजे होती. नको होती ती तिच्या भाऊबंदांना. यातही एक कडू घोट आहे, तो लपवू नये. विलायतेतील स्त्री-डॉक्टरांना हिंदुस्थानातील बायकांच्या हालांमुळे कार्यक्षेत्र लाभले. आमचे अज्ञान आणि आमचा पडदा हे त्यांच्या हक्काच्या लढ्यातील एक प्रमाण म्हणून पुढे केले गेले. परंतु कामा इस्पितळात जी बाई बाळंत होऊन सुखरूप घरी गेली तिला या वादाशी काय कर्तव्य?

अमेरिकेकडेही क्षणभर पाहू. तेथील डॉक्टरांच्या संघाने १८७६ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेत सारा हॅकेट स्टीव्हन्सन या स्त्रीला प्रतिनिधी म्हणून बसू दिले, म्हणजे बाथच्या दोन वर्षे आधी. त्याच फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये आमच्या आनंदीबाई जोशी एम.डी. झाल्या. हे ऐकून अमेरिकेची पाठ थोपटण्याची घाई करू नये. याच संघाने १८७० साली वॉशिंग्टनच्या सभेत काळ्या डॉक्टरांच्या प्रतिनिधींना बसू दिले नव्हते. त्यांच्या व्यवसायबंधूंची ही अडवणूक पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालली आणि संघाने तिच्याबद्दल जाहीर क्षमा मागितली ती २००८ साली. एक दार उघडे दिसले म्हणून वाडा उघडा आहे असे समजू नये.

आता पेचीबाईंबरोबर मुंबईतच थोडे थांबू. १८८४ साली दादाजी भिकाजी यांनी आपल्या पत्नीने नांदावयास यावे म्हणून हायकोर्टात दावा लावला. ती पत्नी म्हणजे रखमाबाई. अकरा वर्षांची असता लग्न झालेली, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढलेली. न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला, अपिलात तो फिरला, १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदावयास जा नाहीतर तुरुंगात जा असा निर्णय दिला आणि १८८८ मध्ये तडजोडीने प्रकरण मिटले. त्या वेळी आपल्या केसरीने कोणती बाजू घेतली होती हे पुणेकरांना मी सांगावयास नको. रखमाबाईंनी डॉक्टर व्हावे यासाठी ज्यांनी खटपट केली त्यांत पेचीबाई होत्या. १८८९ साली रखमाबाई विलायतेस गेल्या आणि लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. विद्यालयाच्या प्रमुख गॅरेट अँडरसनबाई. ज्या संघाचे दार विद्यार्थिनींना बंद होते त्या संघात बसलेली एकच स्त्री, आणि तिच्या विद्यालयात मुंबईच्या न्यायालयातून निसटून आलेली ही मुलगी.

रखमाबाई तेथे शिकत असतानाच १८९२ ची सभा नॉटिंगहॅमला भरली. बाथचे कलम वगळावे असा ठराव आला. आता तीनचतुर्थांशांचा तोच नियम उलट बाजूने लागू होता. बाथला कलम घालावयास जेवढे मताधिक्य लागले तेवढेच ते काढावयास लागणार. सभागृहात चौथ्या हिश्शाहून थोडे अधिक लोक अडून बसले असते तरी कलम जागचे हलले नसते. चौदा वर्षे ते का टिकले याचे एक उत्तर येथे सापडते. निम्म्या लोकांचे मन पालटून भागत नव्हते. आणि नॉटिंगहॅमला ते मिळाले ते कोणा वक्त्याच्या भाषणाने मिळाले असे मला वाटत नाही. चौदा वर्षांत स्त्री-डॉक्टर ही कल्पनेतील भीती राहिली नव्हती. ती शेजारच्या रस्त्यावर दवाखाना चालवीत होती, तिच्या हातचे रोगी बरे होत होते किंवा इतरांच्या हातच्यासारखेच मरत होते, आणि तिच्यामुळे कोणाचे घर बुडालेले दिसत नव्हते. शिष्टाचाराचे कारण हवेत विरले, कारण त्याच्या मुळाची काळजी ओसरली होती. मोठ्या मताधिक्याने कलम गेले.

यानंतरची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. १८९६ साली संघाच्या ईस्ट अँग्लिया शाखेने गॅरेट अँडरसनबाईंना आपले अध्यक्ष केले. १९०२ साली संघाने आपली घटनाच बदलली; वार्षिक सभेला जो येईल त्याने हात वर करावा ही रीत जाऊन शाखांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींची सभा धोरण ठरवू लागली. बाथला किंवा नॉटिंगहॅमला ज्यांच्या गाडीभाड्याची सोय झाली त्यांनी साऱ्या देशातील डॉक्टरांसाठी नियम करावा, हा प्रकार त्यामुळे संपला. स्त्री-डॉक्टरांची संख्या १९११ पर्यंत पाचशेच्या जवळ गेली. परंतु सभासद होणे वेगळे आणि उच्चासनावर बसणे वेगळे. संघाच्या अध्यक्षपदावर पहिली स्त्री, डेम जोसेफीन बार्न्स, बसली ती १९७९ साली. नॉटिंगहॅमनंतर सत्त्याऐंशी वर्षांनी. त्या प्रसूतिशास्त्राच्या डॉक्टर होत्या. ज्या नाजूक विषयापासून त्यांच्या पूर्वजांनी स्त्रियांचे कान जपले होते, तोच त्यांचा विषय.

रखमाबाईंच्या शेवटच्या परीक्षा एडिंबरो आणि ग्लासगो येथील वैद्यक संस्थांपुढे झाल्या. एडिंबरोतील शल्यविशारदांची जी संस्था, तिच्याच सभागृहाच्या दाराशी चोवीस वर्षांपूर्वी सात मुलींवर चिखल पडला होता. १८९४ साली त्या संस्थांनी रखमाबाईंना डॉक्टर म्हणून मान्य केले. पुढे ब्रुसेल्सची एम.डी. घेऊन त्या परत आल्या आणि १८९५ साली सूरतच्या स्त्रियांच्या इस्पितळात रुजू झाल्या.